उभ्याउभ्या चहा

"तुम्हीच सांगा बाई, चहा काय बॅगेत घालून न्यायची वस्तू हाये?"

वहिनींचा हा प्रश्न वॉल कंपाऊंडच्या पलीकडून आला तेव्हा माझ्या हातात ओली चादर होती. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढं वॉल कंपाऊंड आहे. पलीकडून वहिनींचे कोपर आणि अलीकडून माझे त्यावर टेकले की समजायचं, दोन्ही घरच्या भाज्या आज करपणार. चादर तशीच तारेवर टाकली आणि कोपर टेकले.

प्रकरण असं होतं की वहिनींचा मुलगा तिरोड्याला नोकरीला लागलाय आणि रोज सकाळच्या गाडीने जातो. परवा त्याने झाकणाचा स्टीलचा मग मागवला. ऑनलाइन. घरी कपबशांचे दोन सेट असताना!

"आंघोळ झाली का चहा त्याच्यात ओतते, झाकण फिरवते, अन् चालला स्टेशनले. त्या झाकणाले छिद्र हाये बाई. त्या छिद्रातून चहा पेते, लहान लेकराच्या दुधाच्या बाटलीसारखा. मी बशी काढून ठेवते तं बशी तशीच्या तशी."

"मग फुंकर कशी मारतो?"

"मारतच नाई. म्हणते, प्लॅटफॉर्मवर जाईपर्यंत बरोबर होते. दोन मिनिटं बसत नाई हो पोट्टा. चहाच्या निमित्तानं तरी आईजवळ बसाव का नाई?"

आता खरं दुखणं कळलं. मगाचा राग नव्हताच तो. मुलगा दोन मिनिटं बसत नाही याचा होता. पण दुखण्यावर बोट ठेवण्याइतकी मी वाईट शेजारीण नाही. मी मगाचीच बाजू घेतली.

"वहिनी, त्यात नवीन काय? आपल्या गोंदियाचा चहा पहिल्यापासूनच उभ्याउभ्याचा. बसून, बशीत ओतून, सुर्र करून पिणं हे लाड नंतरचे."

"काहीपण."

"काहीपण काय? हे गाव आहे कशाचं? स्टेशनचं."

ते खोटं नाही. एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला डोंगरगड-रायपूर करत थेट हावडा, वर बालाघाट-जबलपूर, खाली वडसा-नागभीडवरून बल्लारशाह. चार दिशांच्या गाड्या जिथे येऊन थांबतात तिथे माणूस चहा पिणार तो एक कान भोंग्याकडे ठेवूनच. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस इथूनच सुटते. कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेसही इथूनच; राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते आणि राज्याबाहेर पाय ठेवत नाही. जबलपूरकडे पूर्वी छोटी लाईन होती, अडीच फुटांची. बंगाल-नागपूर रेल्वेने टाकलेली. त्या डब्यांत बसून सासूबाई माहेरी जायच्या. नैनपूरला गाडी बदलायची असायची, आणि तिथला चहा हा त्यांच्या सगळ्या प्रवासवर्णनाचा मध्य असायचा. माहेरच्या माणसांची नावं पुढे-पुढे विसरल्या, नैनपूरचा चहा नाही. आता तिकडेही मोठी लाईन झाली.

आणि माझं स्वतःचं? माझी नोकरी सालेकसा तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. राहणं गोंदियात. म्हणजे जन्मभर अपडाऊन. ज्यांनी अपडाऊन केलंय त्यांना विचारा चहा म्हणजे काय. घरी गॅसवर चहा उकळत असतो तेव्हा आपण डबा भरत असतो. कपात ओततो तेव्हा मुलाचा शर्ट शोधत असतो. आणि ओठाला लावायच्या वेळी रिक्षा दारात. तो कप संध्याकाळी साय धरून ओट्यावर आपली वाट पाहत असतो. त्यामुळे आमचा खरा चहा आमगावला, खिडकीतून.

हे वहिनींना साग्रसंगीत सांगावं लागलं, कारण त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांचा चहा घरातच. आमगावला गाडी लागली की पोऱ्या धावत यायचा. एका हातात किटली, दुसऱ्या हातात तारेचा स्टँड, त्यात सहा ग्लास खोचलेले. जाड तळाचे, रेघारेघांचे काचेचे ग्लास. तळ जाड असल्याने ग्लास मोठा दिसतो आणि चहा कमी मावतो, ही अक्कल पहिल्यांदा ज्याला सुचली तो मोठा व्यापारी. पोऱ्या खिडकीच्या गजांतून ग्लास आत द्यायचा आणि त्याच श्वासात ओरडायचा, "ग्लास वापस!" चहा कढत, गाडी निघण्याच्या बेतात, आणि ग्लास परत करायचा. पदराच्या टोकात ग्लास धरून आम्ही बाया असा चहा प्यायलोय की जिभेची वरची कातडी सालेकसा येईपर्यंत बधिर. गाडी हलली की पोऱ्या सोबत पळायचा. एकदा एका गुरुजींच्या हातातला ग्लास तसाच दरेकशापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो धुऊन, पेपरात गुंडाळून आणून दिला. पोऱ्याने आधी ग्लास उजेडात धरून तडा आहे का पाहिला, मग हसला.

"मंग मग काय वाईट?" मी म्हटलं. "तुमच्या मुलाची जीभ तरी शाबूत राहते."

वहिनी म्हणाल्या, "स्टेशनवरचं येगळं. घरचं सोडून बाहेर पेते ते मले नाई आवडत. लोकं काय म्हणतील, घरी आई चहा देत नाई?"

लोकं काय म्हणतील! मला राहवलं नाही. वॉल कंपाऊंडवर जे चालतं त्याचा मूळपुरुष सांगितलाच पाहिजे असं वाटलं. म्हटलं, वहिनी, बाहेर चहा प्यायला म्हणून आपल्या महाराष्ट्रात कुणाकुणाची अब्रू गेली माहीत आहे? 1890 सालची गोष्ट. पुण्यात पंचहौद मिशन म्हणून ख्रिश्चन लोकांचं ठिकाण. तिथे व्याख्यानाला शहरातले मोठे-मोठे लोक गेले. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला. गोष्ट तिथेच संपायची. पण तिथे गोपाळराव जोशी होते.

"कोण हे?"

"डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे यजमान. आनंदीबाई तेव्हा वारलेल्या होत्या. गोपाळरावांनी काय केलं, कोण कोण हजर होतं त्यांची नावंच पेपरात छापून आणली."

"मायबाई! पेपरात?" वहिनींचा चेहरा एकदम खुलला. सव्वाशे वर्षं उलटून गेली, पण बातमी ताजी होती.

मग काय, गावात गहजब. ख्रिश्चनांच्या हातचा चहा! प्रकरण पार शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं घेण्याची वेळ आली. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं म्हणून त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावले. म्हणजे दोन्हीकडून मार. एक कप चहा!

"अन् कप नुसता हातात धरला तेच्यावर बी?"

"त्यांच्यावर पण."

वहिनी बराच वेळ "बापा, बापा" करत राहिल्या. पुढे रेल्वेत तर आणखी तमाशा. इंग्रजांच्या काळात स्टेशनवर हिंदू चहा वेगळा, मुस्लिम चहा वेगळा, पाण्याचंही तसंच. इंजिन एकच, डबा एकच, आणि किटल्या दोन. ते गेलं हे बरं झालं. आज रेलटोलीच्या बाजूला उतरून ठेल्यावर चहा मागितला तर कुणी जात विचारत नाही, फक्त "कट का फुल?" विचारतात. सुधारकांनी जे भाषणं देऊन सांगितलं त्यातलं थोडंफार ह्या ठेल्यांनी न बोलता करून टाकलं, असं माझं मत आहे. वहिनींचं मत वेगळं असेल, पण त्या तेव्हा शेवग्याच्या शेंगा तोडत होत्या.

एवढ्यात भाऊजी बाहेर आले. वहिनींचे मालक. राईस मिलमध्ये मुनीम होते, आता रिटायर झाले तरी रोज सकाळी मिलवर चक्कर मारून येतात. गोंदियात धानाच्या गिरण्या किती आणि ठेले किती हे कुणी मोजलं तर जवळजवळ सारखेच निघतील, असं भाऊजींचं म्हणणं. गिरणी सुरू झाली की दारात पहिला येतो धानाचा ट्रक, त्याच्या मागे चहाचा ठेला.

"हमाल काय बसून पेते का चहा?" भाऊजी म्हणाले. "पाठीवर पोतं, अर्धा ग्लास मारला, बिडी पेटवली, दोन झुरके, चालला. तोच तर नियम होता. बसला तं ट्रक थांबते."

"ऐका," मी वहिनींना म्हटलं.

चहा एवढा झटपट होतो याचं कारण मात्र भाऊजींना ठाऊक नव्हतं आणि ते मी सांगितल्याशिवाय राहिले असते तर मी मास्तरीण कसली. इंग्रजांना आपल्याला चहा पाजायला फार कष्ट पडले. 1903 साली चहावर उपकर बसवण्याचा कायदा केला आणि त्या पैशातून मग चहाचा प्रचार: गिरण्यांत, खाणींत, रेल्वे स्टेशनांवर. चहा कसा करायचा याच्या पाट्या लावायच्या. तरी पानांचा चहा महाग आणि नाजूक. पुढे 1930 साली आसाममधल्या एका मळ्यात मॅकर्चर नावाच्या साहेबाने यंत्र काढलं. पान चिरडायचं, फाडायचं, गोळी करायची. आपण त्यालाच दाणेदार चहा म्हणतो. हा दाणा कमी लागतो, रंग काळाकुट्ट देतो, दूध-साखर घालून उकळला तरी हरत नाही. रस्त्यावरच्या चहाला हाच दाणा पाहिजे होता. आता देशात पिकणाऱ्या चहातला सुमारे 80 टक्के आपणच पिऊन टाकतो.

"तरीच," भाऊजी म्हणाले, "आमचा ठेलेवाला तोच दाणा तीनदा उकळत होता."

रोवण्याच्या दिवसांतला चहा तर मी आमच्या शाळेच्या खिडकीतूनच पाहिलाय. पाऊस लागला की बांधीत बाया वाकून परे रोवत असतात. सूर्य थोडा वर आला की धुऱ्यावरून घरधनीण किंवा तिची पोरगी किटली घेऊन येते. डोक्यावर प्लास्टिकची घोंगडी, किटलीच्या तोंडात कागदाचा बोळा, म्हणजे पावसाचं पाणी आत जायला नको. बायांचे हात कोपरापर्यंत चिखलात. बांधीच्याच पाण्यात हात खंगाळायचे आणि ग्लास दोन तळव्यांमध्ये धरायचा. पिण्याआधी जरा वेळ नुसता धरायचा, कारण बोटं गारठलेली असतात. पाय मात्र चिखलातच. धुऱ्यावर चढून बसली तर परत उतरायचा कंटाळा. उभ्याउभ्याच चहा संपतो, ग्लास पुढच्या बाईकडे जातो. कोणी गाणं मधेच सोडलेलं असतं, ते तिथूनच उचलतं. बहुतेक घरी दूध नसायचं. लाल चहा, गुळाचा किंवा साखरेचा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणारेही हाच लाल चहा पोटात घालून निघतात.

इथे माझा सूर थोडा बदलला असावा, कारण वहिनींनी शेंगा तोडायचं थांबवलं.

पळता चहा मला आवडतो, पण ज्या घरात तो चहाच न्याहारी होतो तिथे मला तो कधी आवडला नाही. वर्गात सकाळी पहिल्या तासाला पोरं पेंगायची. विचारलं, काय खाऊन आलास? "चहा-पोळी." म्हणजे कालची शिळी पोळी लाल चहात बुडवून. कधी नुसताच चहा. चहाने भूक मरते, भागत नाही. शिवाय जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही. डॉक्टर सांगतात, जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. आपल्या पूर्व विदर्भात आधीच सिकलसेलचा त्रास, बायांच्या अंगात रक्त कमी. शाळेत दुपारचा पोषण आहार सुरू झाला तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं होतं. त्या खिचडीला नावं ठेवणारे खूप पाहिले. पहिल्या तासाची ती पेंगणारी पोरं त्यांनी पाहिली नव्हती.

"माझा पोट्टा पोहे खाऊन जाते हो," वहिनी घाईने म्हणाल्या.

"जातो ना? मग मगाला नावं ठेवू नका."

थोडं गंभीर झालं म्हणून भाऊजींनी विषय कॉफीवर नेला. आमच्याकडे कॉफी म्हणजे दोनच प्रसंग. एक, कुणाचं अंग मोडून आलं की जायफळ किसून घातलेली, घट्ट दुधाची. दुसरा, थंडीतलं लग्न. मंडपाच्या कोपऱ्यात वाफेची मशीन, तिचा तो फुस्सकन आवाज, दुधाचा फेस आणि वरून चमचाभर चॉकलेटची पावडर. गोंदियात डिसेंबर-जानेवारीत पारा असा उतरतो की विदर्भात सर्वांत थंड म्हणून पेपरात आपलंच नाव. अशा रात्री जेवणाच्या रांगेपेक्षा कॉफीची रांग मोठी असते. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात आहेराचं पाकीट, आणि स्टेजवर फोटोसाठी चढताना कॉफीचा कप कुणाच्या तरी मुलाच्या हातात. ती कॉफीही कुणी बसून पीत नाही! त्यात कॉफी किती आणि दूध-साखर किती हे विचारू नये. जबलपूर-नागपूरच्या कॉफी हाऊसमध्ये पगडीवाले वाढपी आणून देतात ती कॉफी वेगळी, ती बसून प्यायची. तिथे माणसं एका कपावर दोन तास राजकारण करतात. आपल्याकडे तेवढा वेळ फक्त वॉल कंपाऊंडवर मिळतो.

भाऊजी हसले आणि आत जाता-जाता सहज म्हणाले, "आज मिलवर चहा बी असाच आला. पन्नीत."

झालं. आता मात्र माझं डोकं फिरलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पार्सल म्हटलं की ठेलेवाला किटलीतून कढत चहा पातळ प्लास्टिकच्या पन्नीत ओततो, पन्नी फुगते, मग तिचं तोंड पिळून दोऱ्याने किंवा रबराने बांधतो. ती तपकिरी, लोंबणारी थैली मोटारसायकलच्या हँडलला अडकवून पोरगा कचेरीत, दुकानात, दवाखान्यात नेतो. सोबत कागदी कपांची चळत. तिथे कुणीतरी पन्नीचा एक कोपरा कात्रीने कापतो आणि कपात धार धरतो. हे सगळं आपण रोज पाहतो आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

मला वाटतं. आपल्या राज्यात 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. देशभर 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या वस्तू बंद. त्यात प्लास्टिकचे कप आणि ग्लासही आले. पिशव्यांचं तर 2022 सरताना 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालणार नाही असं ठरलं. चहाची पन्नी बोटांत धरली तर पलीकडचं बोट दिसतं. कायदा आहे, पन्नीही आहे. दोघं एकाच चौकात सुखाने नांदतात.

"मंग डिस्पोजल चांगले का?" वहिनींनी विचारलं. कागदी कपाला आमच्याकडे डिस्पोजल म्हणतात.

तोही साधा नाही. कागदात चहा राहील कसा? आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो तो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 साली तपासलं. अशा कपात 85 ते 90 अंशांचं पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर 100 मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे 25,000 बारीक कण उतरतात. डोळ्याला दिसत नाहीत. आता ठेल्यावर उभा असलेला माणूस पंधरा मिनिटं कप धरून बसत नाही, हे मान्य. पण कचेरीत टेबलावर ठेवून फाईल पाहत बसणारा धरतो. आणि पन्नीतला चहा तर ठेल्यापासून टेबलापर्यंत प्लास्टिकमध्येच प्रवास करून येतो, वर पुन्हा डिस्पोजलमध्ये.

गंमत अशी की हा कागदी कप जन्माला आला तो चांगल्या कारणासाठी, आणि तोही रेल्वेच्याच पायी. अमेरिकेत पूर्वी स्टेशनवर, गाडीत पाण्यापाशी साखळीने बांधलेला एकच पेला असायचा. क्षयाचा रोगी त्यातूनच प्यायचा आणि लेकरूही त्यातूनच. 1907 साली बोस्टनच्या एका वकिलाने कागदी पेला काढला. 1909 साली कॅन्सस राज्याने तो सामाईक पेला बंदच करून टाकला. आपल्याकडेही करोनात हेच झालं. 2020 च्या आधी ठेल्यांवर काचेचे ग्लास सर्रास होते. मग लोक म्हणू लागले, काच नको, डिस्पोजल दे. ठेलेवाल्यालाही बरं पडलं. ग्लास धुवायला पोऱ्या नको, बादली नको, फुटायची भीती नको. साथ सरली, ग्लास काही परत बाहेर निघाले नाहीत. सांडपाण्याच्या नाल्यात मात्र कपांचे थर बसले; पावसाळ्यात नाली तुंबली की नगरपरिषदेच्या नावाने ओरडणारे आपणच.

"कुल्हड?" वहिनींना आता रस आला होता.

लालूप्रसादांनी 2004 साली रेल्वेमंत्री झाल्यावर स्टेशनांवर कुल्हड आणले होते. कल्पना छान, मातीचा वास, कुंभाराला काम. पण रोज लाखो कुल्हड लागणार, ते भाजायला लाकूड-कोळसा लागणार, वाहून नेताना फुटणार. काही वर्षांत प्लॅटफॉर्मवर पुन्हा डिस्पोजल आले. आता कुल्हड शहरात हौसेचा झाला, कुल्हडात चहाचे पैसे जास्त. हमालाला तो परवडत नाही.

मग उरतं काय?  

"तो मग," मी म्हटलं. "ज्याच्यावर तुम्ही सकाळपासून चिडल्या आहात. दोन भिंतींच्या मधली हवा काढून घेतली की उष्णता चटकन बाहेर पडत नाही, ही युक्ती ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने 1892 साली काढली. तीच थर्मासमध्ये, तीच ह्या मगात. एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. त्यात प्लास्टिकचे कण नाहीत, पन्नी नाही, नालीत जात नाही. परतताना स्टेशनबाहेरच्या ठेल्यावर पोरगा हाच मग पुढे करत असेल तर ठेलेवाल्याचा एक कप वाचतो."

"करते," वहिनी पडल्या आवाजात म्हणाल्या. "तो म्हणे एक रुपया कमी घेते तो ठेलेवाला."

"बघा! तुमचा पोट्टा शहाणा आहे."

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रविवारी तरी त्यानं बशीत प्याव. मी सांगते त्याले." आणि लगेच पुढचा प्रश्न, "त्या मगाचं झाकण नीट धुतलं जाते का हो? छिद्रात साय अडकते." हा प्रश्न एकदम बरोबर होता. झाकणातला रबराचा कडा रोज काढून धुवावा लागतो, नाहीतर दोन दिवसांत आंबूस वास. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, शेंगांची अर्धी जुडी माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. भाजी करपल्याचा वास तोवर दोन्ही घरांतून यायला लागला होता.

आता तुम्हाला एक विनंती. जयस्तंभ चौकात असो, फुलचूर नाक्यावर असो की कोहमाऱ्याला हायवेवर ट्रकवाल्यांच्या मधे, चहा उभ्याउभ्याच प्या, घाईतच प्या, मी काही बसा म्हणणार नाही. फक्त पार्सल न्यायचं असेल तर घरची किटली किंवा थर्मास न्या. आणि ठेल्यावरच प्यायचा असेल तर काचेचा ग्लास मागा. बहुतेक ठेल्यांवर तो अजून आहे, स्टोव्हच्या खालच्या खोक्यात ठेवलेला असतो. मागितल्याशिवाय काढत नाहीत, मागितला की धुऊन देतात.